तळपायाची आग आणि व्हिटॅमिनचा बंब!

मरोळ नाक्यावर एक मेट्रो डोक्यावरून जाते आणि एक पायाखालून. वरची २०१४ सालची, खालची २०२४ ची. वरचीचा टॉप स्पीड ताशी ८० किलोमीटर. आणि तुमच्या पायातून डोक्याकडे धावणाऱ्या मेसेजचा स्पीड किती, माहीत आहे का?

अंगठा टेबलाला आपटला की 'काहीतरी लागलं' ही बातमी जाड नसांमधून सेकंदाला साधारण ६० मीटर वेगाने वर सुटते. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर! मेट्रो पार मागे. पण पाठोपाठ येणारी ती जळजळ, तो ठणका? तो येतो 'सी फायबर' नावाच्या, केसापेक्षा कितीतरी बारीक नसांमधून, सेकंदाला जेमतेम एक मीटर. मरोळ-मरोशी रोडवर पिशवी घेऊन झपझप चालणाऱ्या काकूसुद्धा त्याला ओव्हरटेक करतील! म्हणूनच पाय आधी मागे येतो आणि 'आई गं!' नंतर निघतं.

पण काही जणांच्या बाबतीत टेबल नसतं, ठेच नसते, जखमही नसते. तरी आग चालूच. तळवे जळतात, मुंग्या येतात, मधूनच चमक मारते, रात्री पायावर चादर टेकली तरी सोसवत नाही. इथे दुखापत कातडीला झालेली नसते, नसच आजारी पडलेली असते. नस नसती तर हे दुखणं नसतं! साध्या पेनकिलरला ते फारशी दाद देत नाही आणि महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतं.

मग केमिस्टच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो: व्हिटॅमिनने बरं होईल का हो? त्यातही ती अँटीऑक्सिडंटवाली, 'सी' आणि 'ई'? चला तर, नेमकी नस पकडू या!

पहिला नंबर पायाचाच का?

देशात डायबेटिसची माणसं किती, माहीत आहे का? आयसीएमआर-इंडियाब या पाहणीने २०२३ मध्ये आकडा दिला: १० कोटी १० लाख! आणि नसांच्या दुखण्याचं जगातलं एक सगळ्यात मोठं कारण म्हणजे हीच रक्तातली साखर.

सुरुवात बहुतेक वेळा पायाच्या बोटांपासून होते. का? कारण तिथे पोचणारी नस सगळ्यात लांब, जवळजवळ एक मीटर! तिचं मुख्यालय कमरेच्या मणक्याजवळ. बोटांच्या टोकाला लागणारी प्रोटीन्स तिथेच तयार होतात आणि नसेच्या आतून प्रवास करत खाली येतात. एक्स्प्रेस सर्व्हिस पकडली तरी दिवसाला २० ते ४० सेंटिमीटर. म्हणजे कंबर ते अंगठा, अडीच ते पाच दिवस!

एवढ्या लांबीच्या पेशीला ऊर्जा भरपूर लागते. ऊर्जा म्हटली की ऑक्सिजन आला. ऑक्सिजन म्हटला की फ्री रॅडिकल्स आले. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात दिले जातात, त्यातले काही मधेच निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटून उपद्रवी रेणू बनतात. साखर चढलेली असली की हा उपद्रव आणखी वाढतो. नसांचं स्निग्ध आवरण, त्यांची प्रोटीन्स, सगळ्यांवर हल्ला!

इथे अँटीऑक्सिडंटची एन्ट्री. (ही 'अँटी' कुणाची आंटी नव्हे, पण माया तेवढीच!) ती स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन टाकते आणि भांडण मिटवते. 'ई' चरबीत विरघळतं, म्हणून ते पेशीच्या आवरणात पहारा देतं. 'सी' पाण्यात विरघळतं, म्हणून त्याची ड्यूटी बाकी ठिकाणी. आणि इलेक्ट्रॉन देऊन रिकामं झालेलं 'ई' पुन्हा चार्ज कोण करतं, माहीत आहे का? 'सी'! जोडी नंबर वन.

दुर्गाबाईंची बहीण, बटाटा आणि नीरा

इलेक्ट्रॉनच्या या देवाणघेवाणीत 'सायटोक्रोम सी' नावाचं एक प्रोटीन मधला दुवा असतं. ते प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे कुणी दाखवलं, माहीत आहे का? एका मराठी बाईने! केंब्रिजमध्ये! आणि तेही बटाट्यावर काम करता करता!

त्यांचं नाव कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण. १९३३ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागितला. संचालक होते सी. व्ही. रामन. उत्तर आलं, मुलींना प्रवेश नाही. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली मुलगी, ती कशी ऐकून घेणार? कमलाबाई थेट रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण एक वर्ष 'प्रोबेशन'वर. वर्षभरात त्यांनी असं काम केलं की पुढच्या मुलींसाठी दार उघडलं. त्या प्रोबेशनबद्दल वाचताना आजही संताप येतो, आणि त्यांच्या जिद्दीबद्दल वाचताना ऊर भरून येतो.

रेकॉर्ड ऐका: केंब्रिजचा त्यांचा पीएचडीचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता आणि काम पूर्ण झालं १४ महिन्यांत! १९३९ मध्ये विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव नोंदलं गेलं.

पुढे त्या मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या आणि त्यांनी हात घातला नीरेला. होय, स्टेशनाबाहेरच्या नीरा केंद्रावर ग्लासातून मिळते तीच गारेगार नीरा! सूचना होती राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांची. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना नीरेत 'सी' व्हिटॅमिन सापडलं, लोह सापडलं. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गरोदर बायांच्या आहारात नीरा आली की तब्येत सुधारते, हेही त्यांनी दाखवलं. या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आणि मरोळकरांनो, हे खास तुमच्यासाठी. मरोळ-मरोशीच्या पुढे लागणारी आरे कॉलनी आहे ना? त्या आरे मिल्क प्रोजेक्टला दुधाच्या दर्जाबाबत सल्ला देणाऱ्या बाईही कमला सोहोनीच! मेट्रोच्या निमित्ताने आरेचं नाव रोज घेतलं गेलं, कमलाबाईंचं मात्र क्वचित. ते घेतलं जावं असं मनापासून वाटतं.

मिरचीचा डबल रोल

'सी' व्हिटॅमिन पहिल्यांदा भरघोस हाती लागलं ते संत्र्यातून नव्हे, लिंबातूनही नव्हे. मग कशातून, माहीत आहे का? मिरचीच्या जातभाईतून! हंगेरीतल्या सेगेड गावी अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्यापुढे एका रात्री जेवणात लाल पॅप्रिका आली. खायची इच्छा नव्हती, म्हणून साहेबांनी ती उचलून लॅबमध्ये नेली. मध्यरात्रीपर्यंत कळलं की ही तर 'सी'ची खाण आहे! १९३७ मध्ये नोबेल.

थांबा, मिरचीचा दुसरा नोबेल बाकी आहे. मिरचीतला झणका म्हणजे कॅप्सेसिन. तो नेमक्या कोणत्या कुलपाची किल्ली आहे, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७ मध्ये शोधलं: टीआरपीव्ही-१ नावाचा रिसेप्टर. हाच रिसेप्टर ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या चटक्यालाही जागा होतो. म्हणून ठेचा खाल्ल्यावर तोंड 'भाजल्यासारखं' होतं. २०२१ मध्ये नोबेल!

आता कमाल पाहा. हेच कॅप्सेसिन ८ टक्के भरलेला पॅच नसांच्या दुखण्यावर औषध म्हणून वापरतात. तळपायाला ३० मिनिटं लावायचा, काढायचा. आग लावणारी टोकंच काही काळ गप्प होतात आणि आराम तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो. अमेरिकेत २००९ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मंजुरी मिळाली, २०२० मध्ये डायबेटिसच्या पायांसाठी. काट्याने काटा, मिरचीने आग! (घरी लाल तिखट तळव्याला चोळण्याचा प्रयोग मात्र चुकूनही नको. पॅच दवाखान्यातच लावतात, हातमोजे घालून.)

उंदीर पास, माणूस काठावर

तर मुद्द्याची बातमी. अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन इथे जिन मो चुंग यांच्या टीमने उंदरांच्या नसा बांधून ही वेदना निर्माण केली आणि २००६ मध्ये दाखवलं की 'ई' व्हिटॅमिन दिल्यावर ती उतरते. परिणाम पायात नव्हे, मणक्यातल्या मज्जारज्जूत दिसला. तिथल्या चेतापेशी वेदनेने चढून गेल्या होत्या, त्या शांत झाल्या.

उंदराला दुखतंय हे कळतं कसं, माहीत आहे का? बारीक लवचिक काडीने त्याचा तळवा दाबतात. किती जोराला तो पाय झटकतो, ते मोजतात. १८९० च्या दशकात हे तंत्र काढणारे माक्स फॉन फ्राय चक्क घोड्याचे केस वापरत! त्याच काडीची मोठी बहीण, १० ग्रॅमचा नायलॉन धागा, आज डायबेटिस क्लिनिकमध्ये तुमच्या तळव्याला टेकवतात. डोळे मिटायचे आणि कळलं की 'हो' म्हणायचं. सोबत अंगठ्यावर ठेवतात १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क. थरथर कळली? मस्त! नाही कळली? डॉक्टर लगेच वहीत लिहितात.

पण उंदीर आणि माणूस यांत एक मोठा फरक. उंदीर 'सी' व्हिटॅमिन स्वतःच्या शरीरात बनवतो. देवनारचा बोकडही बनवतो, रोज काही ग्रॅम! आपल्याकडे ते बनवणारा जनुक आहे, पण बिघडलेला. गिनीपिग आणि माकडं आपल्या रांगेत. म्हणून आपल्याला पेरू हवा, आवळा हवा. (पेरूत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर 'सी', संत्र्याच्या चौपट! गरज दिवसाला साधारण ८० मिलिग्रॅमची.)

माणसांवर काय झालं? १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास आला. मनगट मोडलेल्या लोकांना ५० दिवस रोज ५०० मिलिग्रॅम 'सी' दिलं. फ्रॅक्चर जुळूनही हात महिनोन्‌महिने जळत, सुजत राहण्याचा एक विकार असतो. तो औषध नसलेल्या साध्या गोळीवाल्यांपैकी २२ टक्क्यांना झाला आणि 'सी'वाल्यांपैकी फक्त ७ टक्क्यांना! २००७ मध्ये त्याच डॉक्टरांनी मोठा अभ्यास केला: १०.१ टक्के विरुद्ध २.४ टक्के. ५०० मिलिग्रॅम म्हणजे किती? केमिस्टकडची ती नारंगी, चघळायची एक गोळी!

टाळ्या वाजवणार तेवढ्यात २०१४ मध्ये एडिनबराहून अभ्यास आला. तसंच मनगट, तेच 'सी'. फरक? काही नाही.

'ई'चीही तीच गत. कॅन्सरच्या केमोथेरपीने हातपाय बधिर होतात, झिणझिण्या येतात. २००३ मध्ये २७ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात 'ई' घेणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना त्रास झाला, न घेणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांना. धमाल! मग २०११ मध्ये २०७ रुग्णांवर परीक्षा झाली: 'ई'वाले ३४ टक्के, साधी गोळीवाले २९ टक्के. धमाल खल्लास. लहान अभ्यासात चमकणारं मोठ्या अभ्यासात विझतं, असं औषधांच्या जगात वारंवार होतं. म्हणून 'संशोधनाने सिद्ध' असा फॉरवर्ड आला की आधी विचारा: किती जणांवर?

म्हणजे 'ई'चा नसांशी संबंधच नाही? भलताच आहे! ज्यांच्यात 'ई' शरीरभर पोचवणारं प्रोटीनच जन्मतः बिघडलेलं असतं, त्यांचा तोल जातो, पायांची जाणीव हरपते. त्यांना मोठ्या डोसात 'ई' दिलं की आजार थांबतो. जिथे खड्डा आहे तिथे भर टाकली तर काम होतं. जिथे खड्डाच नाही, तिथे ढिगारा कशाला?

दोनशे टन कलेजी!

नसांच्या गोळ्यांच्या पाकिटावर 'अल्फा लिपोइक अ‍ॅसिड' वाचलंय? हे व्हिटॅमिन नव्हे, पण पक्कं अँटीऑक्सिडंट. पाण्यातही चालतं, चरबीतही. १९५१ मध्ये लेस्टर रीड यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवलं तेव्हा अंदाजे १० टन लिव्हरचा लगदा लागला. हाती आलं किती, माहीत आहे का? ३० मिलिग्रॅम! आज डॉक्टर दिवसाला ६०० मिलिग्रॅम लिहून देतात. त्या हिशोबाने रोजच्या एका डोसला २०० टन कलेजी! थँक्यू, फॅक्टरी.

जर्मनीत ते अनेक दशकं डायबेटिसच्या पायांसाठी वापरात आहे. १९९५ च्या एका जर्मन अभ्यासात तीन आठवडे सलाइनमधून दिल्यावर जळजळ कमी झाली. पण २०२४ च्या कॉक्रेन आढाव्याने सहा महिन्यांच्या वापराचे सगळे पुरावे तपासले आणि लक्षणांवर फारसा परिणाम बहुधा होत नाही, असं मत दिलं. पाकिटावरचं नाव जितकं भारदस्त, पुरावा तितका नाही.

जास्त झालं की हसू नव्हे, आसू

नसांसाठी घेतलेलं व्हिटॅमिन नसाच बिघडवतं, माहीत आहे का? बी-६! १९८३ मध्ये अमेरिकेत सात जणांची हकीकत छापून आली. त्यांनी बी-६ रोज २ ते ६ ग्रॅम घेतलं होतं, म्हणजे गरजेच्या हजारपटीहून जास्त. चालताना तोल जायला लागला, हातपाय बधिर झाले.

'ई'ची हिरवी कॅप्सूल फोडून चेहऱ्याला लावणाऱ्या मैत्रिणींनो, पोटात घेण्याआधी थांबा. ३५ हजारांहून जास्त पुरुषांवरच्या 'सिलेक्ट' अभ्यासात रोज 'ई' घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. बीटा कॅरोटीनने तर फिनलंडमधल्या सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढवला. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर 'ई'च्या मोठ्या डोसाने रक्तस्रावाचा धोका. 'सी'चा मोठा डोस काही ग्लुकोमीटरना फसवतो आणि साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो!

कोंबडी लंगडली, व्हिटॅमिन सापडलं

व्हिटॅमिनची अख्खी कथा नसांच्या आजारापासूनच सुरू झाली, माहीत आहे का? १८९० च्या सुमारास जावा बेटावर डॉक्टर क्रिस्टियान आइकमान 'बेरीबेरी'चा जंतू शोधत होते. त्यांच्या कोंबड्या अचानक लंगडायला लागल्या, मग अचानक बऱ्याही झाल्या. चौकशीत कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र शिजवलेला भात मिळत होता. नवा आचारी आला आणि म्हणाला, लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही! कोंबड्या पुन्हा बिनसडीच्या तांदळावर आल्या आणि धावू लागल्या. गुण होता कोंड्यात, म्हणजे बी-१ मध्ये. आइकमानना १९२९ चं नोबेल. आचाऱ्याला काहीच नाही!

आणि आता पुण्याचा बॉम्ब

डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. त्यात खेड्यातले होते, झोपडपट्टीतले होते आणि शहरातले मध्यमवर्गीयही. बी-१२ कमी कुणाचं निघालं? ६७ टक्क्यांचं! त्यातही सगळ्यात वाईट अवस्था शहरी मध्यमवर्गाची: ८१ टक्के. फ्लॅट आहे, गाडी आहे, बी-१२ नाही!

बी-१२ कमी पडलं की नसांचं आवरण झिजतं, मग मुंग्या, बधिरपणा, जळजळ. आणि डायबेटिसची सगळ्यात कॉमन गोळी, मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ आणखी खाली येऊ शकतं. म्हणजे पाय जळतात ते साखरेमुळे की बी-१२ मुळे, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आणि बी-१२ मुळे असेल तर वेळेत भरून काढल्यावर नसा सावरतात. 'सी' आणि 'ई'च्या बाबतीत असं ठामपणे म्हणता येत नाही, इथे म्हणता येतं. मुंग्या येतात म्हणून स्वतःच्या मनाने वर्षभर रंगीत कॅप्सूल गिळणाऱ्या आई-बाबांची आधी ही एक टेस्ट करून घ्या. फार कळकळीने सांगतोय.

बी-१२ चं इंजेक्शन लालभडक का असतं, माहीत आहे का? त्यात धातू आहे, कोबाल्ट! धातू पोटात बाळगणारं हे एकमेव व्हिटॅमिन. एवढा गुंतागुंतीचा रेणू, की त्याची रचना उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ मध्ये नोबेल मिळालं. आणि ते झाडं बनवत नाहीत, प्राणीही नाहीत. बनवतात फक्त सूक्ष्म जीव!

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. मरोळचा सुक्या मासळीचा बाजार आहे ना, बोंबील, सोडे, जवळा आणि वाकट्यांच्या ढिगांनी घमघमणारा? मासळीत बी-१२ असतंच. (बीपीवाल्यांनी खारवलेली मासळी जरा बेताने घ्यावी!)

आणि शाकाहारी मंडळी? पुण्यात शाकाहारी तरुणांना दोन आठवडे रोज जास्तीचं दूध पाजून पाहिलं. रक्तातलं बी-१२ वाढलं! साधं दूध, कोणतंही व्हिटॅमिन वरून न घातलेलं. तेव्हा सकाळच्या पिशवीतलं दूध चहात संपवण्याआधी एक ग्लास बाजूला काढा. उरलेल्याचं दही लावा, त्यातही बी-१२ आहे!